विसाव्याची शेज

आषाढी जवळ आली की पंढरपुरात एक छोटासा विधी होतो. देवाच्या शेजघरातला पलंग काढून ठेवतात. दूरदूरून चालत येणारी लेकरे दारात उभी असताना देवाने निजायचे कसे, या भावनेने त्या दिवसापासून नित्याचे राजोपचार आवरते घेतात, दर्शन अहोरात्र चालू राहते, आणि दिवसरात्र उभ्या असलेल्या विठ्ठलाच्या पाठीशी मऊ लोड, रुक्मिणीमातेच्या पाठीशी तक्क्या देतात. पुढे यात्रा ओसरली की प्रक्षाळपूजा होते, शिणवटा जावा म्हणून देवाला ऊन पाण्याने स्नान घालतात, रात्री काढा दाखवतात, आणि पलंग पुन्हा शेजघरात येतो. चराचराचा विसावा म्हणून आपण ज्याच्या पायाशी जातो, त्याचीही पाठ भरून येत असेल अशी कल्पना करणारी, आणि तेवढ्यावर न थांबता लोड नेमका कुठे टेकवावा याचा विचार करणारी ही भक्ती आहे. विसावा म्हटले की मला तो लोड आठवतो. ज्याला विसावा द्यायचा त्याचा शीण कुठे आहे हे आधी पाहायचे आणि मग हात पुढे करायचा, ही रीत त्या एका उशीत शिवलेली आहे. आणि त्याच रीतीने, सज्जनहो, आज आपल्याला घरातल्या कुत्र्याच्या अंथरुणाकडे पाहायचे आहे.

कुत्र्याचे अंथरूण हा काय निरूपणाचा विषय, असे कोणी मनात म्हणेल. पण गीतेच्या पाचव्या अध्यायात समदर्शी पंडिताचे लक्षण सांगताना विद्याविनयसंपन्न ब्राह्मण, गाय आणि हत्ती यांच्याच ओळीत कुत्रा आलेला आहे, आणि दत्तप्रभूंच्या पायाशी चार श्वान बसलेले आपण तसबिरीत रोज पाहतो. तेव्हा विषय हलका मानण्याचे कारण नाही. मात्र समदृष्टीचा अर्थ सगळ्यांना एकाच मापाची गादी असा घेतला तर घोटाळा होतो. हत्तीला हत्तीचा विसावा हवा आणि गाईला गाईचा. आपल्याला जे सुखाचे वाटते ते दुसऱ्याच्या अंगाखाली सारणे ही समदृष्टी म्हणता येणार नाही, तो आपल्याच आवडीचा विस्तार होईल. वारीत ज्यांनी चार पावले टाकली आहेत त्यांना ठाऊक आहे की पालखीचा मुक्काम वेगळा आणि विसावा वेगळा. मुक्कामाला राहुट्या लागतात, पंगती बसतात. विसावा वाटेवरच्या झाडाखालीही होतो, आणि तेवढ्या अवकाशात डोईवरचे तुळशीवृंदावन उतरते, खांद्यावरची पताका कशाला तरी टेकते, मान मोकळी होते. जे धरून ठेवले होते ते थोडा वेळ निर्धास्तपणे खाली ठेवता यावे, हा विसाव्याचा गाभा आहे. मग प्रश्न असा पडतो की ज्याच्या डोईवर काही नाही आणि खांद्यावरही काही नाही, त्या कुत्र्याने असे काय धरून ठेवलेले असते?

त्याने पहारा धरून ठेवलेला असतो. आपल्या जुन्या सुभाषितात विद्यार्थ्याची जी पाच लक्षणे सांगितली आहेत त्यांत श्वाननिद्रा एक आहे. चाहूल लागताच उघडणारी ती सावध झोप आपण विद्यार्थ्यासाठी आदर्श ठरवली, पण ती झोप झोपणाऱ्याला काय पडते याची चौकशी फारशी कोणी केली नाही. मोठा कुत्रा दिवसाचा जवळजवळ अर्धा वेळ झोपेत काढतो, पिल्लू तर 18 ते 20 तास झोपते, आणि हे ऐकून आपल्याला वाटते की यांच्याइतका निवांत जीव नाही. पण ती झोप तुकड्यातुकड्यांची असते. माणसाचा कान 20,000 हर्ट्‌झच्या आसपास थांबतो, कुत्र्याचा 45,000 पर्यंत ऐकतो, त्यामुळे जिन्यावरची पावले, लिफ्टचे दार, कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरची आपल्याला न ऐकू येणारी बारीक शीळ, हे सारे त्याच्या निद्रेत ये-जा करत राहते. पुढच्या पंजांवर हनुवटी ठेवून, डोळे मिटून, कान मात्र वळवत पडलेला कुत्रा झोपला आहे असे आपण म्हणतो. विसावला आहे असे म्हणता येणार नाही. पुढे कधीतरी तो कुशीवर कलतो, चारी पाय सैल सुटतात, ओठ आणि पापण्या थरथरतात, पंजे जागच्या जागी धावल्यासारखे हलतात, घशातल्या घशात अर्धवट भुंकणे उमटते. ती स्वप्नाची झोप, आणि तिच्यात स्नायू इतके शिथिल असतात की त्या क्षणी तो स्वतःचे रक्षण करू शकत नाही. तेथवर जाण्याची हिंमत त्याला ज्या जागी होते, ती त्याची शेज. गादीचा पोत, रंग, किंमत या सगळ्या गोष्टी या एका कसोटीच्या मागून येतात.

या शास्त्रात पहिला गुरू तो स्वतः आहे. खेड्यात पौषाच्या थंडीत चूल विझली की कुत्रा उबदार राखेच्या कडेला जाऊन मुटकुळे करतो, नाक शेपटीखाली घेतो आणि पोटाची ऊब पोटापाशी राखतो. तोच कुत्रा वैशाखात मोरीच्या ओल्या कडेला किंवा रांजणाखालच्या ओलसर मातीत पोट टेकवून, मागचे पाय मागे सोडून पडतो. शहरात बांधकामाच्या वाळूचा ढीग दिसला की वरची तापलेली वाळू उकरून खालच्या गार थरात अंग टाकणारी कुत्री आपण येताजाता पाहतो, आणि पावसात उभ्या मोटारीखालची कोरडी फरशी त्यांना आपल्याआधी सापडलेली असते. ऋतू, जमीन आणि अंगाची गरज यांचा मेळ घालणे त्याला कोणी शिकवलेले नाही. अंग टाकण्यापूर्वीची त्याची क्रिया जवळ बसून पाहावी: दोन-तीन गिरक्या, मध्येच थांबून हुंगणे, पंजाने अंथरूण ओरबाडणे, पुन्हा उलटी गिरकी, मग पुढचे कोपर टेकतात, मागचा भाग एका बाजूला कलतो आणि नाकातून एक लांब उसासा बाहेर पडतो. गवत तुडवून, किडामुंगी हुसकून जागा करणाऱ्या रानटी पूर्वजांची ही सवय असावी असे मानतात. म्हणून अंथरूण आणायला बाजारात जाण्याआधी काही दिवस नुसते पाहण्यात घालवावेत, आणि हे पाहणे हीच विसाव्याची पहिली सामग्री समजावी. जो लांबच लांब पसरून झोपतो त्याला काठ नसलेली सपाट गादी हवी, मुटकुळे करणाऱ्याला पाठ टेकायला उंच काठ आवडतो. आणि तो पूर्ण पसरलेला असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतचे अंतर मोजून त्यात एक वीत मिळवली की लांबी मिळते. आपण बहुधा दिवाणखान्यातल्या सोफ्याला काय शोभेल ते मोजतो.

आता अंगाकडे येऊ, कारण विसावा मनाचा म्हटला तरी तो टेकतो हाडांवर. मराठवाड्यापासून सोलापूरकडच्या पट्ट्यात कारवान जातीची कुत्री पाळतात. त्यांचेच भाऊबंद कर्नाटकातल्या मुधोळचे, ज्यांना तिथल्या घोरपडे संस्थानिकांचा आश्रय मिळाला आणि ज्यांच्यावर भारतीय टपाल खात्याने 2005 साली तिकीट काढले. लांब पाय, आत ओढलेले पोट, खोल छाती, अंगावर चरबी नावाला, केस आखूड आणि कातडी इतकी पातळ की बरगड्या मोजता येतात. धावण्यासाठी घडलेला हा देह पडून राहायला मात्र अत्यंत गैरसोयीचा आहे, कारण जमीन आणि हाड यांच्यामध्ये काही उरतच नाही. उभ्या कुत्र्याचे साधारण 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असते, आणि बसताना प्रत्येक वेळी सगळ्यांत आधी जमिनीला लागते ते कोपर. वर्षानुवर्षे शहाबादी किंवा कोट्याच्या फरशीवर झोपणाऱ्या अशा कुत्र्याचे कोपर हातात घेऊन पाहा: रुपयाएवढ्या जागेवरचे केस झडलेले असतात, कातडी राखाडी, जाड आणि सुरकुतलेली, कुठे कुठे बारीक चिरा पडलेल्या. हा घट्टा. मोठ्या, जड जातींत कधी त्याच कोपरावर पाण्याने भरलेली मऊ गाठ धरते; ती दुखत नाही म्हणून दुर्लक्ष होते, आणि घरचे लोक घाबरून डॉक्टरांकडे नेतात तेव्हा ती फोडून पाणी काढण्याची घाई चांगला डॉक्टर करत नाही, कारण त्यातून आत जंतू शिरण्याचे भय असते. तो आधी विचारतो, हा झोपतो कशावर? औषधाआधी अंथरुणाची चौकशी करणारा हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. हाड आणि जमीन यांच्यामध्ये कोणीतरी उभे राहावे लागते. विसाव्याचा स्थूल अर्थ तेवढाच आहे, आणि तो सांभाळला गेला नाही तर सूक्ष्म अर्थ बोलण्यात हशील नाही. परीक्षा सोपी आहे. गादीवर आपले कोपर रोवून त्यावर अंगाचा भार टाकावा. खालची फरशी टोचली तर ती गादी मोठ्या कुत्र्याच्या कामाची नाही. दाटपणा बरा असला तर 10 सेंटिमीटरच्या आसपास जाडी पुरते. जुन्या लुगड्यांची वाकळ, तिच्यावर चौघडी केलेली घोंगडी, आणि वरून धुता येईल अशी चादर, एवढे ज्या घरात आहे त्या घराला दुकानाची पायरी चढायची गरज नाही.

मऊपणाची मात्र एक फसगत आहे. आपल्याला वाटते, जितके मऊ तितका विसावा. ज्या म्हाताऱ्या लॅब्राडोरच्या किंवा जर्मन शेफर्डच्या खुब्याचा सांधा झिजला आहे, त्याला आपण प्रेमाने फुगीर, गुबगुबीत गादी आणतो, आणि तो तिच्यात भाद्रपदातल्या चिखलात बैलगाडी रुतावी तसा रुततो. झोप लागते, पण उठता येत नाही. सकाळी पुढचे दोन पाय उभे राहतात, मागचा भाग उचलला जात नाही, गादी पायाखाली दबते, जोर लावायला घट्ट असे काही सापडत नाही, आणि गादीबाहेर पाय ठेवला तर गुळगुळीत टाइल्सवर तो घसरतो. दोन-चार वेळा असे झाले की तो गादीवर जाणेच सोडतो आणि आपण म्हणतो, याला आवडली नाही. उठण्याची खात्री असल्याशिवाय निजण्याचे सुख कोणालाही घेता येत नाही. ज्या विसाव्यातून परतायची वाट कठीण आहे तो विसावा जिवाला नकोसा होतो. म्हणून वयस्क कुत्र्याची गादी भार पेलणारी, दाट हवी, पुढचा काठ बसका किंवा नसलेलाच हवा, आणि तिच्यासमोर चार पावले तरी सतरंजी किंवा खाली रबर असलेले पायपुसणे अंथरलेले हवे. ही चार पावले आपण विसरतो. शेज तिथे संपत नाही जिथे गादीची शिवण संपते.

उष्णतेचा विचार आपल्या मुलखात न करून चालणारच नाही. कुत्र्याच्या अंगाचे तापमान मुळातच 101 ते 102.5 अंश फॅरेनहाइट असते, आपल्यासारखा सर्वांगाला घाम त्याला नाही, पंजांच्या तळव्यांना काय तो थोडासा. बाकीची उष्णता जिभेवाटे, धापा टाकून बाहेर काढावी लागते. न्यूफाउंडलंडच्या थंड पाण्यात कोळ्यांबरोबर काम करणाऱ्या कुत्र्यांचा दुहेरी केसांचा वंशज लॅब्राडोर चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 वर असताना, फोमच्या गादीवर झोपवायचा हे आपले प्रेम त्याला कसे सोसावे? फोम अंगाची ऊब धरून ठेवतो आणि तीच परत देतो. अशा दिवसांत तो गादी सोडून न्हाणीघरात जाऊन पडला तर त्याला हाका मारून परत बोलावू नये. नवारीची किंवा घट्ट विणलेली, वीतभर उंचीची बुटकी बाज त्याला करून द्यावी, खालून वारा खेळतो, अंगाखालची हवा अडत नाही, आणि ताण सारखा असला तर कोपरालाही टोचत नाही. दुकानात ज्याला एलिव्हेटेड बेड म्हणून चांगला भाव लावतात ती बहुतेक आपल्या आजोबांची बाजच असते, फक्त पाय लोखंडाचे. विणीत मोठी भोके मात्र नकोत, नखे आणि पंजे अडकतात. आणि मार्गशीर्ष आला की हीच बाज उघड्या वाऱ्यावर थंड पडते, तेव्हा तिच्यावर घोंगडी घालावी. ऋतुपरत्वे देवाचा पोशाख बदलणाऱ्या आपल्या देवळांना हे समजावून सांगावे लागत नाही. विसावा एकदा विकत घेऊन संपत नाही, तो ऋतूबरोबर पुन्हा पुन्हा मांडावा लागतो.

शौचाचा भाग थोडक्यात सांगतो, जरी गृहिणींच्या दृष्टीने सगळा विषय तेथेच सुरू होऊन तेथेच संपतो. पिसवा कुत्र्याच्या अंगावर दिसतात पण त्यांची अंडी केसांवरून निसटून अंथरुणात पडतात, अळ्या तेथेच वाढतात आणि कोशात महिनोन्‌महिने दम धरून राहू शकतात. कुत्र्याला औषध लावले आणि अंथरूण तसेच ठेवले तर पिसवांनी पुन्हा घर केलेच म्हणून समजावे. गोचीड त्याहून धूर्त, तिची मादी रक्त पिऊन फुगली की अंगावरून उतरते आणि भिंतीच्या फटीत, चौकटीच्या सांध्यात अंडी घालते, म्हणून गादी भिंतीला अगदी चिकटवून ठेवू नये आणि फटी बुजवाव्यात. खोळ चेनची, सहज निघणारी असावी. ती आठवड्याला निघावी, कडक पाण्यात धुतली जावी आणि उन्हात वाळावी. कोकणात आषाढ-श्रावणात ऊनच नसते, कापसाची जाड गादी एकदा ओली झाली की आतून वाळत नाही, गोळे होतात, बुरशीचा वास धरते; तेथे एका जाड गादीपेक्षा दोन पातळ वाकळी आलटून पालटून वापरणे शहाणपणाचे. आणि एक गोष्ट आवर्जून: ट्रंकेतली जुनी गोधडी काढताना तिच्या घडीत डांबराच्या गोळ्या असतात. त्या कुत्र्याला विषारी आहेत. गोधडी धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात टाकल्याशिवाय त्याच्याखाली घालू नये. फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवरही नको. पण स्वच्छतेच्या भरात सगळेच एकदम धुऊन काढले, सुगंधी पावडरीचा घमघमाट सुटला, तर तो दारातून हुंगून परत फिरतो, कारण ओळखीच्या वासावर त्याचा अर्धा विसावा उभा असतो. निदान एक फडके न धुतलेले राहू द्यावे.

इथपर्यंत आपण अंगाखालचे पाहिले. आता विसाव्याचा तो पदर, ज्याला मी सगळ्यांत वरचा मानतो. महाभारताच्या आदिपर्वात, पौष्यपर्वाच्या आरंभीच, एका कुत्र्याच्या पिलाची कथा आहे. जनमेजयाचे दीर्घ सत्र चालले होते. देवशुनी सरमेचे पिलू तेथे आले, आणि जनमेजयाच्या भावांनी त्याला मारले. ते रडत आईकडे गेले. तू काही आगळीक केली असशील, असे आईने म्हटल्यावर ते सांगते की मी हविर्द्रव्याकडे पाहिलेदेखील नाही, चाटणे दूरच. सरमा सत्रात येऊन तेच विचारते, उत्तर मिळत नाही, आणि ती शाप देते तो मोठा विचार करण्यासारखा आहे: तुम्हाला न दिसणारे भय प्राप्त होईल. तिने मृत्यू मागितला नाही, धनहानी मागितली नाही. कारण नसताना मार खाल्लेल्याला पुढे जे भोगावे लागते, तेच तिने मारणाऱ्याच्या पदरात टाकले. राजा जनमेजय त्यानंतर अस्वस्थ होऊन शांती करू शकणारा पुरोहित शोधत फिरतो. अदृष्ट भय म्हणजे कोठून येईल हे न कळणारे भय, आणि ते ज्याच्या मनात शिरले त्याला जगातली कोणतीही गादी पुरत नाही. ज्या कोपऱ्यात कुत्र्याला एकदा काठी बसली, ज्या जागेवरून त्याला लाथेने उठवले, तेथे तुम्ही पुढे रेशमाची शेज मांडलीत तरी तो पहारा खाली ठेवणार नाही.

बुडापेस्टच्या एओत्व्होश लोरांड विद्यापीठात कुत्र्यांच्या डोक्याला वरून तारा चिकटवून त्यांच्या झोपेचे आलेख काढतात, मालक जवळ असताना, कसलीही इजा न करता. 2017 साली तेथल्या अभ्यासकांनी असे दाखवले की झोपेआधी माणसाकडून प्रेमाची वागणूक मिळाली की दुरावा आणि धाक मिळाला, यावर पुढच्या झोपेची घडण बदलते. महाभारतकारांना आलेखाची गरज पडली नसावी, पण आपल्याला या दाखल्याचा उपयोग आहे. संध्याकाळी कामावरून तणतणत आलेल्या माणसाने दाराशी ओरडून जे दिले, ते रात्री अंथरुणात त्याच्याबरोबर येते. विसाव्याची तयारी म्हणूनच निजण्याच्या वेळेच्या बरीच आधी सुरू होते, आणि तिच्यात गादीला हात लावण्याचाही प्रसंग नसतो.

जागा निवडताना हे भय नजरेसमोर ठेवावे. पाठीशी आडोसा असावा, समोरून येणारे दिसावे, पण येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाखाली येऊ नये. फ्रीज, इन्व्हर्टर, मिक्सर यांपासून लांब, माणसांच्या वासापासून मात्र फार दूर नको. गच्चीवरच्या एकट्या खोलीत मांडलेली उत्तम शेज ही त्याच्या दृष्टीने हद्दपारी असते. आणि घरात एक नेम पाळावा की तो आपल्या जागेवर असताना त्याला कोणी ओढायचे नाही, रागवायचे नाही, औषध पाजायलाही तेथे गाठायचे नाही, बोलावून दुसरीकडे न्यायचे. लहान मुलांना तर हे हात जोडून शिकवावे. निजलेल्या कुत्र्याच्या अंगावर मूल पडले आणि तो दचकून चावला, तर लोक कुत्र्याला दोष देतात. ज्या जागी आपल्याला कोणी उठवणार नाही अशी एक तरी जागा असणे, ही विसाव्याची पुरती व्याख्या नसेल, पण तिच्याखेरीज कोणतीही व्याख्या पुरी होत नाही.

एवढे सगळे करूनही तो ती शेज सोडून दाराशी, पायपुसण्यावर जाऊन झोपेल. हे प्रत्येक घरात घडते आणि प्रत्येक घरात यजमान खट्टू होतो, कारण गादीला पैसे पडलेले असतात. जरा शांतपणे पाहावे. पायपुसण्याला घरातल्या साऱ्या पावलांचा वास असतो. दाराच्या फटीतून गार वारा येतो. आणि जो बाहेर गेला आहे तो परत येईल तो तेथूनच येईल. घरातले एक माणूस अजून आलेले नाही तोवर त्याचा पहारा संपलेला नाही, आणि पहारा संपण्यापूर्वी विसावा घेण्याची त्याला सक्ती करता येत नाही. शेवटचे माणूस आत आले, कडी लागली, दिवे मालवले, की मग कधीतरी तो उठून गादीवर जातो, किंवा जातही नाही. जाण्याची सोय ठेवणे आपल्या हाती आहे. माझे मत विचाराल तर एका महागड्या गादीपेक्षा घरात दोन-तीन ठिकाणी साध्या घड्या पडलेल्या असाव्यात, एक दाराशी, एक माणसांच्या खोलीत, एक गार फरशीजवळ. निवड त्याची त्याला करू द्यावी. पिलासाठी तर महाग काही घेऊच नये. दात येताना ते सगळे कुरतडते, फोमचे तुकडे आणि लांब दोरे गिळले तर आतड्यात अडकून जिवावर बेततात. तेव्हा जुन्या चादरीच्या जाड घड्या, आणि आईपासून नुकते तुटलेले असेल तर त्यांतली एक आईखालची मागून आणलेली, एवढे पुरे.

शेवटचा काळ सांगायचा राहिला. फार म्हातारा झालेला, किंवा मागचे अंग गेलेला कुत्रा स्वतःची कूस बदलू शकत नाही, आणि मग उत्तम गादीवरसुद्धा खुबा, खांदा आणि घोट्याची हाडे एकाच जागी दबून कातडी लाल होते, ओलावते आणि फाटते. एकदा अशी जखम पडली की भरायला फार वेळ लागतो. तेव्हा गादीवर पाणी न धरणारी खोळ, तिच्यावर ओल शोषणारे कापड, आणि ओले झाले की लगेच बदलणारा हात, असे तीन थर लागतात. दर दोन ते चार तासांनी त्याला कुशीवरून वळवावे लागते, रात्रीही, आणि घरातली माणसे पाळ्या लावून ते करतात. त्या दिवसांत विसावा पुरवण्याचे काम गादीकडून निघून माणसाकडे आलेले असते. वळवताना त्याला पाठीवरून गरकन उलथू नये. आधी एक हात छातीखाली आणि एक कमरेखाली घालून त्याला छातीवर सरळ बसते करावे, मागचे पाय पोटाशी घ्यावेत, दोन-चार श्वास तसेच थांबावे, हवे तर पाणी पाजावे, आणि मग दुसऱ्या कुशीवर टेकवून दोन गुडघ्यांच्या मधे एक मऊ घडी सरकवावी.